लाल रंग रानात, माणसं पत्र्याखाली

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही चौघं आहात. दोघं स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, एक जण नोकरी सांभाळून वेळ देणारा आणि एक ताई सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार महिलांमध्ये वावरणाऱ्या. दोन लॅपटॉप आहेत, पैसे जवळपास नाहीत. पुढच्या उन्हाळ्याआधी सोलापूरचा उष्णतेचा डिजिटल नकाशा करायचा आहे. साधनं कोणती घ्यावीत, आणि झाडं, सावल्या, पाणपोया कुठं हव्यात हे त्या नकाशावरून महापालिकेला सांगता येईल का?

साधनं मोफत मिळतील. पहिला नकाशा दोन दिवसांत होईलही. पण तो तुम्हाला भलतीकडे घेऊन जाईल. एकदा तोंड पोळून घेतलंय म्हणून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी असाच एक नकाशा केला होता. मे महिन्यातलं उपग्रहाचं चित्र घेतलं, जमिनीचं तापमान काढलं, निळ्यापासून गडद लालपर्यंत रंग भरले, मोठ्या कागदावर छापून एका कार्यालयात नेला. साहेबांनी चष्मा काढून नकाशा नीट पाहिला आणि सगळ्यात लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?" मी म्हणालो, रान आहे. मुळेगावच्या बाजूचं. "मग रानात पाणपोई घालायची का?" खोलीतले सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र झोप लागली नाही, कारण त्यांचा प्रश्न बरोबर होता.

झालं होतं असं. सोलापूरच्या भोवती काळी जमीन. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाली की एप्रिल-मेमध्ये ती उघडी पडते. कोरडी, गडद, अंगावर गवताची काडी नाही. सकाळी ऊन चढलं की तिचा वरचा थर झटक्यात तापतो. शहरात मात्र भिंती एकमेकींवर सावली टाकतात, दगड-सिमेंट हळूहळू तापतं, मध्ये मध्ये कडुनिंब असतात. त्यामुळे सकाळच्या चित्रात शहर भोवतालच्या रानापेक्षा थंड दिसतं. आपल्याकडच्या कोरड्या भागातल्या बऱ्याच शहरांचं पावसाळ्याआधी हेच होतं. रात्री पारडं फिरतं. रान भराभर निवतं, आणि दिवसभर ऊन प्यालेलं शहर पहाटेपर्यंत ते ओकत बसतं. म्हणजे "शहरात उष्णतेचं बेट असतं" हे वाक्य खोटं नाही, फक्त ते रात्रीचं आहे. आणि आपण फुकट मिळणारं चित्र घेतो ते सकाळचं.

हे चित्र येतं लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांवरून. पहिला २०१३ मध्ये सोडला, दुसरा २०२१ मध्ये. दोन्ही आपल्यावरून साधारण साडेदहा ते अकराच्या दरम्यान जातात. प्रत्येकाची फेरी १६ दिवसांची, दोघांची मिळून ८ दिवसांनी एक. म्हणजे ज्या वेळी सोलापुरात खरी होरपळ सुरू होते, दुपारी दोन ते पाच, तेव्हाचं एकही चित्र त्यात नाही.

दुसरी गोष्ट बारकाव्याची. फाइल ३० मीटरची मिळते म्हणून लोक समजतात की ३० मीटरचा बारकावा आला. तापमानाचा मूळ बारकावा १०० मीटरचा आहे, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १०० बाय १०० मीटरचा. ३० मीटर हे नंतर पाडलेले तुकडे. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहराचं क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झालं, म्हणजे खरे ठिपके फार तर १८ हजार. एका ठिपक्यात गावठाणातली अख्खी गल्ली, तिच्या मागची गल्ली, एक देऊळ आणि एक यंत्रमागाचं शेड बसतं. त्या सगळ्याचा मिळून एक आकडा. त्यावरून "या चौकात सावली हवी" असं म्हणणं म्हणजे वाड्याचं वीजबिल बघून कुठल्या खोलीतला दिवा चालू राहिला ते सांगण्यासारखं.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी, आणि सोलापुरात तर फारच: पत्रा. उपग्रह किंवा हातातली, लांबूनच तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक खरं तर तापमान मोजत नाही. ती वस्तूतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजते आणि त्यावरून अंदाज बांधते. माती, सिमेंट, पानं ही किरणं मोकळ्या हातानं सोडतात. नवा चकचकीत पत्रा ती दाबून ठेवतो आणि वरून आकाशाचं थंड प्रतिबिंब दाखवतो. हात लावला तर चटका बसेल असा पत्रा बंदुकीच्या काट्यावर कधी कधी हवेपेक्षाही थंड दिसतो. जुना गंजलेला पत्रा त्यामानानं खरं बोलतो. म्हणजे नकाशावर नव्या पत्र्यांची वस्ती "बरी" दिसणार आणि आतली माणसं भाजणार. याच्या उलट माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पांढऱ्या मातीचं जुनं माळवद वरून तापलेलं दिसतं, पण मातीचा जाड थर ऊन खाली उतरू देत नाही, आणि खाली दुपारी डोळा लागतो. माळवदाखाली आणि पत्र्याखाली एकेक दुपार काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नकाशाला मात्र समजावावं लागतं.

पत्र्याचं तापमान घ्यायचंच असेल तर त्यावर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा चिकटवा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि बंदूक त्या टेपवर धरा. टेप पत्र्याइतकीच तापते आणि काट्याला खरं सांगते. दहा रुपयांची युक्ती आहे, पण मला ती कळायला दोन उन्हाळे लागले.

एवढं सांगून झालं म्हणजे लँडसॅट टाकून द्या असं नाही. तो वापरा, फक्त त्याची जागा ओळखा. गुगल अर्थ इंजिन, म्हणजे उपग्रहाची चित्रं इंटरनेटवरच हाताळायचं साधन, बिगरव्यावसायिक कामाला मोफत आहे, नोंदणी करा. लँडसॅट ८ आणि ९ चं 'कलेक्शन २, लेव्हल २' घ्या. त्यात तापमानाचा पट्टा (बँड) तयार असतो. त्यातल्या आकड्याला ०.००३४१८०२ नं गुणा, १४९ मिळवा, त्यातून २७३.१५ वजा करा, म्हणजे सेल्सिअस आलं. ही पायरी विसरून पन्नास हजार अंशांचं सोलापूर सादर करणारा विद्यार्थी मी पाहिलाय. मग १५ मार्च ते ३१ मे या काळातली चार-पाच वर्षांची चित्रं एकत्र करा, ढगांचे ठिपके काढून टाका आणि प्रत्येक जागेचा मध्यक, म्हणजे ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. एका दिवसाच्या चित्रावर कधीच विसंबू नका. आदल्या दिवशी वळीव पडून गेला असेल तर काळी जमीन ओली, आणि सगळा नकाशा बदलतो. "दहा वर्षांत शहर सहा अंशांनी तापलं" अशा बातम्या बऱ्याचदा एका कोरड्या आणि एका ओल्या दिवसाची तुलना करून झालेल्या असतात.

रात्रीसाठी दोन वाटा आहेत. विअर्स नावाचं उपग्रहावरचं उपकरण रात्री दीडच्या सुमारास वरून जातं, पण त्याचा तापमानाचा ठिपका जवळपास एक किलोमीटरचा. त्यातून फक्त शहर आणि रान यांतला फरक कळेल. दुसरं म्हणजे इकोस्ट्रेस. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेलं, सुमारे ७० मीटरचं, आणि वेगवेगळ्या वेळी वरून जाणारं. रात्रीची, पहाटेची, भर दुपारची चित्रं त्यातून वेचून मिळतात. वेचावी लागतात हे खरं. त्याची चित्रं कधी कधी जागेवरून थोडी सरकलेली असतात, म्हणून आधी हिप्परग्याच्या तलावाचा काठ जुळवून पाहा. रात्री पाणी जमिनीपेक्षा गरम दिसतं, त्यामुळे तलावाचा आकार चित्रात दिव्यासारखा उठून येतो. काठ जुळला तर पुढं जा, नाही तर ते चित्र बाजूला ठेवा.

झाडांसाठी सेंटिनल २ या उपग्रहाचं चित्र घ्या, १० मीटरचं, दर पाच दिवसांनी मिळणारं. हिरवाईचा निर्देशांक काढणं सोपं आहे: जवळच्या अवरक्त (निअर इन्फ्रारेड) पट्ट्यातून लाल पट्टा वजा, भागिले दोघांची बेरीज. पण महिना मे धरा. नोव्हेंबरचं चित्र घेतलंत तर पावसानंतरचं गवत आणि तूर पाहून सोलापूर महाबळेश्वर वाटेल. मेमध्येही एक चकवा आहे: वेडी बाभूळ. रेल्वेरुळांच्या कडेनं, नाल्यांच्या काठानं ती भर उन्हाळ्यात हिरवी असते. निर्देशांक खूश होतो. तिच्याखाली मात्र कुणी बसत नाही. काट्यांत शेळीसुद्धा विचार करून शिरते. तेव्हा नकाशावरच्या हिरव्यातून वेडी बाभूळ हातानं वजा करा. दोन रविवार जातील, पण त्याला पर्याय नाही. आणि कंबर तलावावर जलपर्णी साचली की तीही हिरवी मोजली जाते, ती पण काढा.

आता मुद्द्याचं. हे सगळे थर एकावर एक रचून, प्रत्येकाला वजन देऊन, शेवटी "उष्णता असुरक्षितता निर्देशांक" असा एकच आकडा काढायची पद्धत फार चालते. मला ती आवडत नाही. त्या आकड्यात तापमान, दारिद्र्य, झाडं, वय सगळं शिजून एकजीव होतं आणि ज्याला काम करायचं त्याला काहीच कळत नाही. नकाशा उलट्या बाजूनं काढा. आधी विचारा: कोण माणूस, किती वाजता, कशाच्या खाली बसलेला? आणि त्यासाठी कोण काय करू शकतं? मग त्या एका प्रश्नापुरता नकाशा. सोलापूरसाठी मी असे तीन-चार वेगळे नकाशे काढेन, एक नाही.

पहिला विडी वळणाऱ्या बायकांचा. या बायका उन्हात नसतात, घरात असतात. म्हणून उन्हात काम करणाऱ्यांच्या कुठल्याही यादीत त्या येत नाहीत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेलं पान. पंखा लावला तर तंबाखू उडते, म्हणून पंखा बंद किंवा भिंतीकडे तोंड करून. डोक्यावर पत्रा. सकाळी हजार विड्यांचा हिशेब डोक्यात घेऊन बसायचं ते दुपारी मान मोडेपर्यंत. एक अम्मा मला म्हणाली होती, "दुपारचं आत बसवंना, पण विडी बाहेर वळता येत नाही, वारा लागतो." या एका वाक्यात जेवढी माहिती आहे तेवढी माझ्या त्या मोठ्या कागदावर नव्हती. इथं झाड कामाचं नाही, पाणपोईही नाही. इथं छप्पर कामाचं. म्हणून या नकाशाचा मुख्य थर छपराचा प्रकार: पत्रा, स्लॅब, माळवद, कौलं. इमारतींचे आकार गुगलच्या ओपन बिल्डिंग्ज संचातून मोफत मिळतात, पण एकाला एक लागून असलेली पत्र्याची घरं त्यात एकच मोठं घर म्हणून येतात. छपराचा प्रकार उपग्रहाच्या छायाचित्रावरून डोळ्यांनी ओळखून भरावा लागेल, आणि शंका आली तिथं चालत जावं लागेल.

चालत जाताना एक लक्षात ठेवा. हातात फोन धरून घराघरासमोर थांबलात की पहिला प्रश्न येतो, "अतिक्रमणवाले का?" त्यात त्यांचं काही चुकत नाही; त्यांच्या अनुभवात नकाशा काढायला आलेला माणूस पुढं काय घेऊन येतो हे त्यांना माहीत आहे. म्हणून ताई पुढं आणि तुम्ही मागं. घरनिहाय माहिती, विशेषतः कुठं आजारी किंवा एकटं म्हातारं माणूस आहे हे, छापील किंवा ऑनलाइन नकाशावर कधीही टाकू नका. दाखवायचं ते गल्लीच्या पातळीवर.

माहिती भरायला कोबो टूलबॉक्स पुरतं, इंटरनेट नसतानाही फोनवर चालतं. प्रश्न दहाच्या आत ठेवा. छप्पर कशाचं, खिडक्या किती, पंखा चालतो का आणि चालवता येतो का (हे दोन वेगळे प्रश्न आहेत), नळाला पाणी कितव्या दिवशी, रात्री झोपता कुठं. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. गच्चीवर, अंगणात झोपण्याची सोय असलेला माणूस रात्रीतून सावरतो, कारण आपली हवा कोरडी आणि उघड्यावर पहाट गार असते. जिला सुरक्षिततेमुळे किंवा जागेमुळे आतच झोपावं लागतं, तिचं शरीर २४ तास तापलेलंच राहतं. हे कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही.

दुसरा नकाशा यंत्रमागाचा. इथं तर बाहेरच्या हवेचा संबंध आणखी कमी. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून शेडमध्ये ओलावा राखतात आणि वारा अडवतात. वरून मोटारींची उष्णता. म्हणजे सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मुद्दाम तयार केलेला कोकणचा एक कोपरा, आणि त्यात लांबलचक पाळ्या. घाम येतो पण वाळत नाही. इथं साध्या तापमापकाच्या जोडीला ओल्या फडक्याचा तापमापक हवा, किंवा कामाच्या जागेसाठी वापरतात तो ओल्या-काळ्या गोळ्याचा निर्देशांक (इंग्रजीत डब्ल्यूबीजीटी). त्याचं बाहेरचं सूत्र साधं आहे: ओल्या फडक्याच्या तापमानाचा ०.७ वाटा, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातल्या तापमापकाचा ०.२ आणि साध्या हवेचा ०.१. यावरून लक्षात येईल की घाम वाळणं न वाळणं याला किती वजन आहे. शेडच्या आत ऊन नसल्यानं ओल्याचा वाटा ०.७ आणि गोळ्याचा ०.३ धरतात.

इथंच एक सापळा सांगून टाकतो. फोनवरच्या हवामान ॲपमधलं "जाणवतं इतकं" तापमान बऱ्याचदा अशा सूत्रानं काढतात ज्यात ऊन नाही, फक्त तापमान आणि आर्द्रता. मेमधल्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के घातली तर प्रचलित अमेरिकी सूत्र साडेचाळीस सांगतं, म्हणजे प्रत्यक्षाहून कमी! तेच जूनमध्ये ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला ४८ च्या आसपास. पहिल्या आकड्याला रस्त्यावरचा हातगाडीवाला हसेल, कारण त्याच्या अंगावर सरळ ऊन आहे. दुसरा आकडा मात्र खरा इशारा आहे: पहिला पाऊस पडला, बातम्यांतून उन्हाळा संपला, आणि पत्र्याखाली खरी घुसमट तेव्हा सुरू झाली.

तिसरा नकाशा रस्त्यावरच्या सावलीचा, आणि इथं मात्र डिजिटल साधन खरोखर कमाल करतं. क्यूजीआयएस हा मोफत नकाशा प्रोग्राम, त्यात यूएमईपी नावाचं जोडसाधन, आणि त्यातलं सोलवेग नावाचं प्रारूप. इमारतींची उंची, झाडांची उंची आणि हवामान दिलं की ते तासागणिक सांगतं की रस्त्यावरच्या माणसाला सगळ्या बाजूंनी मिळून किती उष्णता झेलावी लागते: वरून ऊन, खालून डांबर, बाजूनं भिंत. उंचीसाठी गुगलच्या त्याच ओपन बिल्डिंग्ज संचाचं २०१६ ते २०२३ चं उंचीसहित रूप आहे. नाही तर मजले मोजा आणि प्रत्येकी तीन मीटर धरा, चालतं. पूर्ण शहरासाठी चालवू नका, लॅपटॉप रडेल. सात रस्ता, नवी पेठ, अशोक चौक ते कन्ना चौक अशा चार-पाच पट्ट्यांपुरतं चालवा.

हे चालवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे निकाल पाहून दचकणार नाही. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर. १०-११ मेच्या आसपास दुपारी १२ वाजून २२-२३ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. म्हणजे ऐन मेमध्ये भर दुपारी इमारतीची सावली जवळजवळ नसतेच, कितीही उंच बांधा. त्या दोन-अडीच तासांत फक्त वरून झाकणारं काही उपयोगी: झाडाचा डेरा, मांडव, कापडी छत. चारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं, तेव्हा वरचं छत कमी पडतं आणि पश्चिमेची बाजू आडवी झाकावी लागते. बसथांब्यावरची माणसं संध्याकाळी थांब्यात न बसता शेजारच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक ओळीनं उभी दिसतात ना, ते यामुळं. प्रारूप हे तासागणिक दाखवतं आणि मग "इथं छत, तिथं पश्चिमेला जाळी" असं नेमकं बोलता येतं.

झाड कुठं लावायचं याचा नकाशा उष्णतेवरून काढू नका, पाण्यावरून काढा. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. उजनी कितीही भरू दे, नळाला काही दिवसांआड पाणी हे या शहराचं वर्षानुवर्षांचं वास्तव. ज्या घरात पिंप मोजून पाणी वापरतात तिथं दारातलं रोप मेमध्ये जगवा म्हणणं क्रूर आहे. म्हणून थर असे: पाणी कितव्या दिवशी, जवळ शाळा, देऊळ, मशीद, दवाखाना, चहाची टपरी यांपैकी काय आहे, म्हणजे पाणी घालणारा हात कुठला. लावलेल्या झाडांपेक्षा जगलेल्या झाडांची नोंद ठेवा. झाडं निवडताना कडुनिंब आधी. चैत्रात त्याला नवी पालवी फुटते आणि ऐन उन्हात डेरा भरलेला असतो. करंज, चिंच, वड, पिंपळ जागा पाहून. ज्यांची पानं मार्चमध्ये झडतात आणि उन्हाळाभर परत येत नाहीत ती कितीही सुंदर असोत, या कामाची नाहीत.

हद्दीबद्दल एक. शहराची शेपफाइल, म्हणजे हद्दीची डिजिटल फाइल, घेऊन नकाशा तिच्या कडेला कापायची सवय असते. मग कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार महिलांची सुमारे १० हजार घरं, आणि शेजारचं ३० हजार घरांचं नियोजन असलेलं रे नगर, ज्यातली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली, हे सगळं नकाशाबाहेर पडतं. ती माणसं कामाला, दवाखान्याला, बाजाराला सोलापुरातच येतात. शिवाय तिथं एकसारखी घरं, एकसारखे स्लॅब, माळरान. अशा ठिकाणी १०० मीटरचा ठिपकाही अर्थपूर्ण बोलतो, कारण ठिपक्याच्या आत सगळं सारखं आहे. आणि उपायही सारखा: स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात किंवा ऊन परतवणारा रंग. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण आणलं. चुना स्वस्त, पण पहिल्या मोठ्या पावसात धुपतो. दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो हे आधीच सांगा, नाही तर दुसऱ्या वर्षी लोक तुम्हाला शोधत येतील. पत्र्याला रंगाच्या जोडीला आतून गोणपाट, बांबूची चटई असं काही लावून मध्ये हवेची पोकळी ठेवली तर फरक जास्त पडतो.

कुठल्याही थरापेक्षा मला महत्त्वाचे वाटतात ते घरातले तापमापक. आकडे साठवून ठेवणारे छोटे नोंदयंत्र आठ-दहा जमवा. लावण्याआधी सगळे एका खोलीत, एका टेबलावर, एक रात्र शेजारी शेजारी ठेवा; कुठलं किती पुढं-मागं दाखवतं ते लिहून ठेवा आणि नंतर तेवढं वजा-बेरीज करा. ही एक रात्र वाचवणाऱ्यांचं पुढचं सगळं काम वाया जातं. मग दोन पत्र्याच्या घरांत, दोन स्लॅबच्या, एका माळवदात, एका यंत्रमागात, एका शाळेच्या वर्गात, एक बाहेर सावलीत. उन्हाचा सरळ झोत आणि चुलीची धग यांपासून लांब, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. फोनचा आतला सेन्सर तापमान दाखवतो ते बॅटरीचं, ते घेऊ नका.

महापालिकेकडं जाताना हवामान खात्याच्या व्याख्येत अडकाल, म्हणून तेही. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त हवं, किंवा सरळ ४५ हवं. सोलापूरची मेमधली सरासरीच चाळिशीच्या घरात. म्हणजे लागोपाठ आठ दिवस ४३ असलं तरी कागदावर लाट नाही. "लाट जाहीर झाली की आम्ही पाणपोया उघडू" असं उत्तर मिळालं तर हे पुढं ठेवा. त्यावर उपाय अहमदाबादनं दाखवलाय. २०१० च्या मे महिन्यात तिथं नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे उष्माघाताच्या नोंदीतून नाही तर रोजच्या सगळ्या मृत्यूंची इतर वर्षांशी तुलना करून कळलं. २०१३ मध्ये त्यांनी शहराचा उष्णता कृती आराखडा केला आणि इशाऱ्याचे उंबरठे स्वतःच्या शहराच्या आकड्यांवरून ठरवले. जन्म-मृत्यू नोंदणीतले तारीखवार एकूण आकडे, नावं नकोत, फक्त आकडे, मागून पाहा. ते आणि वेधशाळेचं रोजचं तापमान एकाखाली एक ठेवलं की सोलापूरचा उंबरठा कुठं आहे ते दिसायला लागेल. त्या एका आलेखाचा मला पुढं कार्यालयांत जेवढा उपयोग झाला तेवढा रंगीत नकाशांचा कधी झाला नाही.

आणि कार्यालयात नकाशा नेऊ नका, यादी न्या. नकाशा त्या यादीच्या पाठीमागे जोडा. ज्या खात्याला जे करता येतं तेवढंच त्याच्या यादीत: उद्यान विभागाला झाडांच्या जागा आणि पाणी कोण घालणार त्याचं नाव, बांधकामाला छतांच्या जागा, आरोग्याला गल्ल्या आणि तास. तीस ओळींच्या पुढं यादी गेली की ती कपाटात जाते.

कामाची सुरुवात जानेवारीत करा. तापमापकांची ती एक रात्र आणि छपरांची नोंद थंडीतच उरका. चुना मारायचा तर अर्ध्या घरांना मार्चमध्ये मारा, शेजारची तशीच अर्धी मुद्दाम एप्रिलअखेरीपर्यंत थांबवा. फरक किती पडतो ते त्यातूनच कळेल, पण त्या थांबलेल्या घरांना आधी सांगून आणि नंतर नक्की मारून. पाहणीला दुपारी बारा ते चार कुणीही बाहेर पडू नका, तुम्हीसुद्धा. आणि ताईंना एक निरोप द्या: ज्या वहीत बायका विड्यांचा हिशेब लिहितात, त्याच वहीच्या कडेला रोज दुपारी तीनचा तापमापकाचा आकडा लिहून घ्यायला सांगा. त्या दिवशी विड्या किती झाल्या ते त्याच ओळीत आधीच लिहिलेलं असेल.